देवाजीची खिडकी

माणूस मेला की वर जातो, हे इतर गावांचं झालं. आमच्या बोरटोल्याचा माणूस मेला की आधी देवाजी ढिवराच्या झोळीत जात असे, तिथून बैलगाडीनं चांद्याच्या स्टेशनावर, तिथून तिसऱ्या वर्गाच्या डब्यात. काशीचा पूल आला की मग पुढचं त्याचं तो पाहून घेई.

पद्धतच होती तशी. पोंभुर्ण्यापासून अंधारी नदीपर्यंतच्या आमच्या टापूत घरोघरी काशी होणं शक्य नव्हतं. म्हणून सगळं गाव मिळून दोन-तीन वर्षांनी एका माणसाला पाठवी. मधल्या काळात ज्या घरचं कोणी गेलं असेल ते घर त्याच्याकडे एक पुरचुंडी देई. गेलेल्या माणसाच्या अंगावरच्या कापडाचा तुकडा, त्यात नव्या धानाचे तांदूळ, चिमूटभर तीळ आणि एक सुपारी. गाडी गंगेच्या पुलावर आली की जाणाऱ्यानं एकेकाचं नाव घेऊन ती खिडकीतून खाली सोडायची. घाटावर उतरून सोडली तर चालत नसे. का चालत नसे, असं विचारलं की म्हातारे म्हणत, "पह्यल्यापासून पुलावरूनच हाय." यापुढे बोलणं नसे.

हे काम वाटतं तितकं सोपं नव्हतं. त्या पुलाला दोन्ही बाजूंनी लोखंडाचे आडवेतिडवे खांब. खिडकीतून काही फेकलं की ते खांबावर आपटून रुळातच पडणार. देवाजीच्या आधी जो गेला होता, त्यानं गावाचे निम्मे पितर रुळात पाडले आणि खरं बोलायच्या सवयीमुळे गावात येऊन ते सांगितलंही. तेव्हा गावानं डोकं चालवलं. तळ्यात जाळं फेकणारा ढीवर पाठवायचा. देवाजीच्या मनगटात ती लय होती. खांब, फट, खांब, फट. फट आली की मनगट सुटलं. निघण्याआधी महिनाभर तो धावत्या बैलगाडीतून बाभळीच्या दोन खोडांमधून मातीची ढेकळं फेकत असे. गाडी हाकायला त्याची बायको गुणाबाई. ती बैलांना शिव्या देई, पण त्या बैलांसाठी नसत हे बैलांनाही कळे.

चार खेपा झाल्या आणि एकही पुरचुंडी रुळात पडली नाही. मग काय विचारता. देवाजी म्हणजे गावाचं टाइमटेबल झाला. इटारसीच्या फलाटावर विकत घेतलेला काळा कोट तो वैशाखातही घाली. कोणी मूलच्या बाजाराला निघालं तरी त्याला विचारून निघे. गोंडपिपरीला रेल्वे जात नाही, तरी तिकडे निघालेला माणूस विचारी, "देवाजीभाऊ, कोणत्या बाजूनं बसू?" आणि देवाजी कोटाच्या खिशात हात घालून विचार करून सांगे, "डाव्या. उन्हं उजव्या बाजूनं येते." बैलगाडीत.

काशीहून परत आला की शिवेवर त्याचे पाय धुतले जात. जो आधी जाऊन आला त्यानं नंतर येणाऱ्याचे पाय धुवायचे, अशी रीत. रुळात पितर पाडणारा तर लाजेनं मुलीच्या गावी जाऊन राहिला होता, म्हणून म्हातारे सोमाजी पाटील ते काम करत. पाय पुढे करून देवाजी आभाळाकडे पाहत उभा राही. सगळ्या आयुष्यात त्याला हवं होतं ते एवढंच: गावाचा जाणारा आपण, आणि धुतले जाणारे पाय आपले.

आणि सत्तावन्न साली लटारूला विमान लागलं.

लटारू जंगलात साग ठोकायचा. म्हणजे कापून पडलेल्या ओंडक्याला कुऱ्हाडीची उलटी बाजू मारायची, आवाज ऐकायचा आणि आतून पोकळ की भरीव ते सांगायचं. हा माणूस स्वतः इतका कमी बोलायचा, की तो स्वतः पोकळ की भरीव हे कोणाला कळलं नव्हतं. चांद्याचा एक लाकडाचा सेठ त्याच्या कानावर जीव टाकी. त्या सेठला कलकत्त्यात ब्रह्मदेशचा साग घाईनं घ्यायचा होता. नागपूरला सगळीकडची टपालाची विमानं रात्री एकत्र येत आणि त्यांतून माणसंही जात. सेठनं लटारूला सांगितलं, उद्या चल.

मारोतीच्या पारावर सगळं गाव जमलं. देवाजी कोट घालून आला. तो पुढच्या माघात जाणार, पुरचुंड्या बांधून तयार, हे ठरलेलं होतं.

"सेठ म्हणते," लटारू म्हणाला, "नागपूरले जेवून बसाचं अन् कलकत्त्यात तोंड धुवाचं."

"रेल्वेले दोन दिवस लागते," सोमाजी म्हणाले.

"दोन दिवस लागते म्हणून तं दोन दिवस पाहाले भेटते," देवाजी म्हणाला. "ज्याले पाहाचं नसन त्यानं पोत्यात बसून जावं. पोतंबी लवकर पोचते."

"पण देवाजी, विमान गंगेवरूनच जाते म्हणते," एक जण म्हणाला.

"जाऊ दे ना. बगळाबी जाते."

सोमाजींनी काठी दोन्ही हातांत धरली. म्हातारा माणूस, त्यांना स्वतःलाच आता फार दूरचं दिसू लागलं होतं. मग म्हणाले, "आपले पितर वर राहतात का खाली?"

"वर," दोघं-तिघं म्हणाले.

"मंग लटारू त्यांच्या बाजूनं जाईन. देवाजी खालून जाते. हाक कोणाची लवकर ऐकू येईन?"

 देवाजीनं शेवटचा प्रश्न विचारला. "खिडकी हाय का त्याले?"

"हाये म्हणते सेठ. काचेची."

"झालं मंग," सोमाजी म्हणाले. पहिली पुरचुंडी रुखमाबाईनं लटारूच्या झोळीत टाकली. तिच्या नवऱ्याची, निळ्या पट्ट्याच्या उपरण्यात बांधलेली. दोन वर्षं तिनं ती तांदळाच्या कणगीवर जपली होती. तिच्या मागून सगळं गाव. चार खेपा केलेल्या माणसासमोर सगळे पितर दुसऱ्याच्या झोळीत जाऊन बसले, आणि एकानंही मागं वळून पाहिलं नाही.

पुढचे आठ दिवस देवाजी तळ्यावर जाळं फेकत होता. मासे कमी लागले, कारण फेकताना तो बोलत होता. ज्या गाडीतून थुंकता येत नाही ती गाडी कायची. जिथं मधल्या टेसनावर चहा नाई, त्याले परवास म्हणत नाई. शेजारच्याचं गाव विचारावं तोवर उतरा म्हणतात, मंग वळख कशी व्हावी. आणि पडलं तर? गाडी रुळावरून उतरली तर माणूस जमिनीवरच राहतो, हा गाडीचा केवढा मोठा गुण, हे लोकांना कळू नये याचं त्याला खरोखर वाईट वाटत होतं. गुणाबाईनं एकदा विचारलं, "तुमाले देत होते तं गेले असते का विमानात?" देवाजीनं जाळं इतकं जोरात फेकलं की ते बाभळीवर जाऊन अडकलं.

लटारू आला. शिवेवर गाव जमलं. आता आधी जाऊन आलेला कोण? देवाजी. पाय कोणाचे धुवायचे? लटारूचे. तांब्या हातात देताना सोमाजी म्हणाले, "टाचा नीट धुजो. उंचावरून आले हायेत."

देवाजीनं टाचा धुतल्या. मला त्यानंच पुढे सांगितलं, की विमानात जाऊन आलेले पाय अगदी साधे होते, उजव्या अंगठ्याचं नखही तेच जुनं फुटकं, आणि याचाच त्याला सगळ्यात जास्त राग आला.

"काय दिसलं वरून?" लोकांनी विचारलं.

"गंज दिसलं," म्हणजे पुष्कळ दिसलं, एवढंच लटारू म्हणाला. मोठ्या माणसाला फार बोलावं लागत नाही. लोकांनी बाकीचं आपापसांत भरून काढलं. दोन दिवसांत लटारूनं हिमालय पाहिला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी देवाजी तळ्याच्या पाळीवर जाळं शिवत बसला होता. लटारू आला, शेजारी टेकला, पाण्याकडे पाहू लागला.

"भाऊ," तो म्हणाला, "गंगा उलटी वाहते का?"

"गंगा कायले उलटी वाहन बे?"

"नाई, असंच विचारलं."

"असंच कोणी विचारत नाई. काय झालं?"

"कलकत्त्यात लाकडाच्या डेपोमांगं एक मोठं पाणी होतं. सकाळी इकडं वाहे, दुपारी तिकडं. जहाजं उभी. सेठले नाव विचारलं तं म्हणे हुगली. मी म्हटलं, नदी का सकाळ-दुपार बदलते? समुद्राचा फाटा असन. तीन रोज त्याच्यातच पाय धुतले."

देवाजीचं शिवणं थांबलं. मोगलसरायला एका बंगाली बाबूनं त्याला हे सगळं सांगितलं होतं: खाली समुद्र आहे, भरती आली की गंगा मागं सरते, आणि तिथं तिला हुगळी म्हणतात. सुखाची एक लहर त्याच्या पायांपासून कोटापर्यंत गेली. ती त्यानं जरा वेळ आत ठेवली, जशी विड्याची पहिली पिंक आपण जरा वेळ ठेवतो.

"लटारू," तो हळूच म्हणाला, "तू गंगेत उभा राहून गंगा शोधत होतास."

लटारूनं मान खाली घातली.

"अन् विमानातून टाकल्या त्या?"

"विमानात अंधार होता भाऊ. जातानाबी रात, येतानाबी रात. काच सरकत नाई. मी नखानं पाह्यलं, दातानं पाह्यलं. एक बाई आली अन् हातात गोळी देऊन गेली. कानात घालाले कापूस देला." आणि त्यानं उठून पळसाच्या बुंध्यामागून झोळी काढून आणली.

पुरचुंड्या जशाच्या तशा होत्या. देवाजी एकेक वर काढून पाहू लागला, प्रत्येकीसरशी त्याचा चेहरा उजळत होता. रुखमाबाईच्या नवऱ्याचं निळं उपरणं. सोमाजीच्या भावाचं धोतर. उद्या गंगापूजनाचं जेवण होतं. सगळ्या गावासमोर ही झोळी पारावर ओतायची, एवढाच विचार त्याच्या डोक्यात होता. तळाशी हात गेला आणि एक हिरवा तुकडा वर आला. हिरव्या लुगड्याचा, काठाला तांबडी नक्षी असलेला.

त्याची आई भादव्यात गेली होती.

"हे कोणी देल्लं?"

"गुणाबाईनं. तुमाले सांगू नको म्हणे."

देवाजीनं ती पुरचुंडी मांडीवर घेतली. आई आयुष्यात कधी रेल्वेत बसली नव्हती. चारही खेपांना तो म्हणे चल, आणि ती म्हणे, डब्यात कोंडून नेतोस का मले.

"माही माय विमानात बसली," तो म्हणाला. "जाऊन येऊन."

लटारूचा हेवा एक वेळ सोसता येतो. हा हेवा वेगळाच होता. झोळी घरी नेऊन त्यानं बायकोपुढे हिरवी पुरचुंडी धरली, तर सासूला मामी म्हणणाऱ्या गुणाबाईनं चुलीतली लाकडं पुढं सारत सांगितलं, "मामींचे गुडघे किती दुखत होते. दोन दिवस त्या फळीवर बसून जाणार होत्या का? मी म्हटलं, लवकर पोचतीन."  गुडघ्याला उत्तर नसतं.

संध्याकाळी लटारू पुन्हा आला. त्याला झोप नव्हती, अन्न नव्हतं. त्यानं सौदा आणला होता.

"भाऊ, सेठ माघात परत चालला. दोन माणसं नेतो म्हणते. तुमचं नाव सांगून ठेवतो. तुमी बसा विमानात. फकत उद्या काही बोलू नका."

देवाजी म्हणाला, "पाहू."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या पंक्ती बसल्या. पहिला भात लटारूच्या पानावर पडला. त्यानं घास तोंडात घालायच्या आत रुखमाबाई उठून त्याच्यासमोर येऊन बसली. म्हातारीचे डोळे अधू होते, ती हातानं त्याचा हात शोधत म्हणाली, "बाबू, माह्या धन्याचं नाव मोठ्यानं घेतलं का? त्याले उजव्या कानानं कमी ऐकू ये."

लटारूच्या हातातला घास हातातच राहिला. त्यानं देवाजीकडे पाहिलं. सगळ्या पंक्तीनं देवाजीकडे पाहिलं, कारण तो कोटाची बटणं लावत उभा राहिला होता. झोळी त्याच्या घरात, कणगीमागं. घर वीस पावलांवर.

आता याला तुम्ही चांगुलपणा म्हणा. तो म्हणत नसे. मला म्हणाला, "त्या म्हातारीच्या हाताकडे पाह्यलं अन् बोलाचं होतं थे विसरलो."

त्यानं जे सांगितलं ते असं: "विमानानं टाकलेलं कच्चं राहते. लय उंचावरून पडते, हाक वर राहते, वस्तू खाली. रेल्वेनं जाऊन पुलावर नावं परत घ्या लागते, मंग पक्कं होते. काशीचे पंडे सांगतात." काशीच्या पंड्यांनी असं काही सांगितल्याचं मला माहीत नाही, पण काशीच्या पंड्यांनी न सांगितलेलं असं जगात फार थोडं असेल.

सोमाजींनी मान हलवली. "मंग माघात जा. पक्कं करून ये." रुखमाबाई म्हणाली, "डाव्या कानात सांगजो."

लटारूनं घास खाल्ला. इतका भात तो आधी आणि नंतर कधीही जेवला नाही.

म्हणजे माघात गावही पाठवणार आणि सेठही नेणार, त्याच आठवड्यात. आता मात्र देवाजीची खरी फजिती झाली. विमानाला नावं ठेवणारी त्याची जीभ एका दिवसात बदलली. तो लटारूला जंगलाच्या वाटेवर गाठी आणि विचारी, बसतात कसं, पट्टा कुठून बांधतात, गोळी कोणत्या चवीची होती. कानातला कापूस आपल्याच इकडचा असावा असा त्याला संशय होता. केस कापून झाले. कोट धुऊन झाला. गुणाबाईला त्यानं सांगितलं की पितरं काय, पुढच्या वर्षीही जातील. आणि तसंही कलकत्त्यात गंगा आहेच, आपण काही लटारू नाही, आपल्याला ओळखू येते.

"थे घाटावरून होईन," गुणाबाई म्हणाली. "पुलावरून नाई."

"घाटावरून टाकलं तं काय होते?"

"मले काय माहीत. चार खेपा तुमीच सांगून राह्यले चालत नाई म्हणून. अन् आपल्या गावचे सगळे काशीत. मामी एकट्या कलकत्त्याले कोणाशी बोलतीन? बंगाली येते का त्याइले?"

निघायच्या तीन दिवस आधी देवाजीनं लटारूला तळ्यावर बोलावलं.

"काच थोडीबी सरकत नाई?"

"नाई भाऊ."

"बोटभर?"

"नाई."

देवाजीनं तळ्यात एक खडा टाकला. तो बुडाला. त्यानं दुसरा टाकला. "मंग तूच जा," तो म्हणाला, आणि पुढचा अर्धा दिवस कोणाशी बोलला नाही. हे त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात लांब मौन असावं.

चांद्याहून गाडी सुटली तेव्हा झोळी त्याच्या पायात होती आणि हिरवी पुरचुंडी मांडीवर, खिडकीला लागून. वर्ध्याला त्यानं तिला केळीवाला दाखवला. इटारसीला कोट घेतला ती जागा दाखवली. जबलपूरच्या अलीकडे नर्मदा आली तेव्हा शेजारच्या माणसाला उठवून पुरचुंडी त्या बाजूला नेऊन आणली. शेजारचा म्हणाला, "इसमें क्या है?" देवाजी म्हणाला, "माँ है. पहले हवाई जहाज से गई थी. कुछ देखी नहीं." शेजारच्यानं आपलं सामान थोडं दूर सरकवलं.

मोगलसराय सुटलं आणि तो खिडकीत अर्धा बाहेर आला. पूल आला. खांब, फट, खांब, फट. "सोमाजीचा भाऊ काशिराम." "रुखमाबाईचा धनी नथ्थू, डाव्या कानानं आयक." एकेक पुरचुंडी फटीतून सुटून खाली जात होती. खांबाला एकही लागली नाही. शेवटी हिरवी राहिली. फट आली, गेली. फट आली, गेली. त्याचं मनगट सुटेना. पुलाचं टोक दिसू लागलं तेव्हा तो म्हणाला, "माय, हे पाह्य, खिडकी उघडी हाय," आणि शेवटून दुसऱ्या फटीत हात मोकळा केला.

परत आला तेव्हा शिवेवर गाव उभं होतं. रीतीप्रमाणे तांब्या लटारूच्या हातात होता. तोही चार दिवसांपूर्वीच दुसऱ्यांदा विमानानं जाऊन आला होता, आणि त्यामुळे त्याच्या आजूबाजूला देवाजीच्यापेक्षा जास्त गर्दी होती. देवाजीनं पाय पुढे केले. लटारू खाली बसला आणि मान वर न करता टाचा धुऊ लागला, एक, मग दुसरी, बोटांच्या मधूनसुद्धा. कोणीही न सांगता.

देवाजी वाट पाहत होता. पुलाबद्दल कोणीतरी विचारील. नर्मदेबद्दल. निदान चहाबद्दल.

सोमाजी पाटील काठी टेकत पुढे आले. सगळं गाव ऐकायला पुढे सरकलं.

"देवाजी," त्यांनी विचारलं, "गाडीतून वर पाह्यलं का? लटारूचं विमान दिसलं?"

लटारूच्या हातातला तांब्या जरा कलला. पाणी देवाजीच्या घोट्यावर सांडलं. देवाजीनं त्याच्याकडे पाहिलं, मग आभाळाकडे.

"दिसलं," तो म्हणाला. "त्याची खिडकी बंद होती."